टोकलं की थांबते, पाठ वळली की पुन्हा केस उपटते: मुलगी मुद्दाम करते का?

“मॅडम, मी समोर असले की बरोबर थांबते. स्वयंपाकघरात गेले की पुन्हा सुरू. म्हणजे मुद्दामच ना हे?” नववीतल्या मुलीची आई विचारत होती. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली, आणि माथ्यावर डावीकडे रुपयाएवढी जागा विरळ झालेली. चाई असेल म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं होतं. चाईत कातडी गुळगुळीत दिसते. इथे लहानमोठ्या लांबीचे खुंट होते, म्हणून त्यांनी समुपदेशनाला पाठवलं. घरी तेल, घट्ट वेणी, मोबाइल बंद, रागावणं, सगळं करून झालं होतं.

नाही, ती मुद्दाम करत नाही. या त्रासाला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात. शंभरात एक-दोघांना तो असतो आणि बहुतेकदा १० ते १३ वर्षांच्या वयात सुरू होतो.

आई समोर असताना थांबता येतं, मग एरवी का नाही? सुरू झालेली हालचाल रोखण्यासाठी मेंदूच्या पुढच्या भागातून, मुख्यतः उजव्या बाजूने, आत खोलवरच्या सबथॅलॅमिक न्यूक्लियसकडे इशारा जातो आणि हालचालीला लगाम बसतो. याला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. बॅट अर्धी खाली आली की बाहेरचा चेंडू सोडता येत नाही, तसंच हे: उशिरा आलेला इशारा वाया जातो. शिवाय हा इशारा निघायला आधी काही जाणवावं लागतं. आईचा आवाज ती जाणीव करून देतो. पण हजारदा केलेली कृती बेसल गँग्लियामध्ये, म्हणजे मेंदूच्या आतल्या सवयी सांभाळणाऱ्या भागात, सवय म्हणून बसलेली असते. गणित सोडवताना हात वर जातो आणि लक्षात येतं तेव्हा केस बोटांत आलेला असतो. लगाम शाबूत आहे, तो खेचायची वेळच कळत नाही. पुढच्या भागाची वाढ पंचविशीपर्यंत चालते, त्यामुळे या वयात मदत जास्त लागते.

म्हणून पहिला आठवडा थांबण्याचा प्रयत्नच करायचा नाही, असं ठरलं. आईला हे अजिबात पटलं नव्हतं. वहीत फक्त नोंद: वेळ, जागा, कोणता हात, त्याआधी काय चाललं होतं, केस उपटण्याची ओढ ० ते १० मध्ये किती. आठवड्याने चित्र स्पष्ट झालं. रात्री ९ ते १०, अभ्यासाचं टेबल, उजव्या हातात पेन आणि रिकामा डावा हात. डावं कोपर टेबलावर टेकतं, तळवा कानशिलाला लागतो, बोटं माथ्यावरून फिरत एखादा जाडा, खरखरीत केस शोधतात. उपटल्यावर मुळाचा पांढरा ठिपका ती निरखून बघते.

पकडायची जागा केसाची नव्हे, कोपराची. अझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलेल्या सवय-बदल पद्धतीचा गाभा हाच आहे. कोपर टेकलं की डाव्या हाताची मूठ वळायची, कोपर बरगडीला दाबायचं आणि किमान एक मिनिट, किंवा ओढ उतरेपर्यंत, तसंच ठेवायचं. ही कृती वर्गातही कुणाच्या नजरेत न येता करता यायला हवी, आणि तिच्यामुळे लिहिणं अडता कामा नये. जोडीला अभ्यासापुरती डाव्या अंगठ्याला आणि तर्जनीला चिकटपट्टी, म्हणजे केस चिमटीत नीट येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात “उपयोग नाही” म्हणत दोघी आल्या. वही पाहिली तर मूठ वळत होती, पण केस हातात आल्यानंतर. आरशासमोर बसून हात सावकाश वर न्यायचा आणि कानशिलाशी थांबवायचा, असा सराव रोज दहा वेळा दिला. दुसरी चूक घरची होती: आई रोज रात्री डोकं तपासायची. त्या तपासणीच्या ताणानंतरच उपटणं वाढायचं. तपासणी बंद झाली. आईने “मूठ” एवढाच शब्द म्हणायचा आणि तिने मूठ वळली की शाबासकी द्यायची. ज्या आईला हे जमतं तिच्या मुलीला अर्धी लढाई सोपी जाते, असं आमचं ठाम मत आहे.

एक प्रश्न प्रत्येक पालकाने शांतपणे विचारायलाच हवा: केस गिळतेस का? गिळलेले केस पचत नाहीत, पोटात त्यांचा गोळा होऊ शकतो. पोटदुखी, उलट्या, भूक मंदावणं दिसलं तर आधी डॉक्टर. उदासी किंवा फार चिंता असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. औषध मनाने सुरू करू नये.

दहाव्या आठवड्यात रोजच्या नोंदी चौदा-पंधरावरून दोन-तीनवर आल्या होत्या. सहामाहीच्या आठवड्यात पुन्हा नऊ झाल्या. ते पान मुलीने फाडलं नाही, वहीत तसंच ठेवून दाखवायला आणलं.