घटस्फोटांमुळे घरं मोडतायत का? आणि बहिणीची फारकत बैठकीत करावी का?

तुम्ही विचारलंय की घटस्फोट वाढल्याने कुटुंब आणि समाज मोडतोय का, मुलांवर काय परिणाम होतात. शेवटी एका ओळीत लिहिलंय की मावसबहीण तीन वर्षं माहेरी आहे, पाच वर्षांची मुलगी आहे आणि घरची मोठी माणसं म्हणतात, ‘कोर्टाची पायरी नको, बैठक बसवू, स्टॅम्पवर फारकत लिहून घेऊ.’ खरा प्रश्न ती शेवटची ओळ आहे. समाजाचं नंतर बघू.

बैठकीतली फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे. नोटरीचा शिक्का असो, पंचांच्या सह्या असोत, कायद्याने ते दोघं नवरा-बायकोच राहतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीने होणाऱ्या काडीमोडीला जागा ठेवली आहे, पण ती रूढी त्या समाजात पूर्वापार, अखंड चालत आली आहे हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. ‘आमच्यात असंच चालतं’ म्हणून भागत नाही.

त्या स्टॅम्पवरचा मजकूर सगळीकडे जवळपास सारखाच असतो. तो ओळीओळीने वाचा.

‘आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त राहत आहोत.’ बाईचा सगळ्यात जास्त घात करणारं वाक्य हेच. पोटगीचं, फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय. त्याच्याच चौथ्या पोटकलमात लिहिलंय की नवरा-बायको परस्परसंमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला पोटगी नाही. उद्या बहिणीने पोटगीचा अर्ज टाकला की समोरून हाच स्टॅम्प दाखल होणार. याउलट कोर्टातून रीतसर घटस्फोट झालेली बाई, तिचं स्वतःचं भागत नसेल तर, पुन्हा लग्न करेपर्यंत त्याच कलमात ‘पत्नी’ धरली जाते.

‘दोन लाख एकरकमी मिळाले, आता माझा व मुलीचा कसलाही हक्क उरला नाही.’ मुलीचा पोटगीचा हक्क आई सोडूच शकत नाही, तो मुलीचा आहे. तरी ही ओळ लिहून घेतात आणि बाई ती खरी मानून वर्षानुवर्षं गप्प बसते.

‘दोघांनाही दुसऱ्या लग्नाची मोकळीक आहे.’ अशी मोकळीक देण्याचा अधिकार पंचांना नाही. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भरडली जाते ती दुसऱ्या घरात आलेली मुलगी. नवरा गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज करायला जाते तेव्हा तिला कळतं की ती कायद्याने बायकोच नव्हती.

‘मुलगी आईकडे राहील.’ इतकंच. बाप कधी भेटणार, फी कोण भरणार, काही नाही.

आणि म्हणे कोर्टात अब्रू जाते! हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ काढून बघा. ही प्रकरणं बंद दाराआड चालतात आणि त्यातला मजकूर छापणंसुद्धा गुन्हा आहे. बैठकीत मात्र चाळीस माणसांसमोर बाईला तिच्या अंथरुणापर्यंतचे प्रश्न विचारले जातात. अब्रूच्या नावाखाली बैठकीचा आग्रह धरणाऱ्यांशी माझं कायमचं भांडण आहे, ते इथेही लिहून ठेवतो.

आता करायचं काय. तीन वर्षं वेगळे राहतायत, आता दोघंही तयार असतील तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा अर्ज. अर्ज बहिणीच्या माहेरच्या गावी लागणाऱ्या कोर्टातही करता येतो. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. लग्नाची नोंदणी नसेल तर पत्रिका, फोटो आणि प्रतिज्ञापत्र जोडा. अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलंय की अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालं असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी-ताबा खरोखर मिटला असेल तर हा काळ माफ होऊ शकतो. पहिल्या अर्जानंतर आठवड्याने माफीचा अर्ज द्या.

खरी मेहनत संमतीच्या अटींवर करा. ‘वडिलांना मुलीस भेटण्याचा हक्क राहील’ असं मोघम लिहिलं की पहिल्याच दिवाळीत भांडण. दुसरा आणि चौथा शनिवार सकाळी ११ ते रविवार संध्याकाळी ५, आणायचं कुणी, सोडायचं कुठे, दिवाळीचे कोणते दिवस कुणाकडे, मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी, फोन कोणत्या वारी, मुलगी आजारी असेल तर बदली दिवस कोणता, इतकं बारीक लिहा. मुलीची पोटगी महिना ८,००० ठरली तर पुढे ‘दरवर्षी १० टक्के वाढ’ हे शब्द हवेतच. त्याने दहा वर्षांनी ती साधारण पावणेएकवीस हजार होते. नाहीतर दहावीतल्या मुलीला बालवाडीची रक्कम मिळत राहते. फी, दवाखाना, पासपोर्टच्या सह्या वेगळ्या लिहा. दागिन्यांची यादी वजनासह, परत दिल्याची तारीख घालून.

एकरकमी पैसे टप्प्याने: काही पहिल्या तारखेला, मोठा भाग अंतिम तारखेला न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्टने. नवऱ्याने सगळे आधी दिले आणि बायकोने संमती मागे घेतली तर तो अडकला. हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे १९९१ पासून ठरलेलं आहे. उलट हुकूम आधी आणि धनादेश नंतर, असं बाईने कधीच मान्य करू नये. ४९८अ ची, म्हणजे सासरच्या छळाची केस (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) असेल तर ती आपापसात मागे घेता येत नाही, उच्च न्यायालयातून रद्द करून घ्यावी लागते. एकरकमी पैशांचा एक हप्ता त्या टप्प्याला बांधतात.

राहिला तुमचा मोठा प्रश्न. घटस्फोटाची कारणं नेहमीचीच: दारू, मारहाण, घरच्यांची ढवळाढवळ, लग्न जमवताना लपवलेला आजार किंवा फुगवून सांगितलेला पगार. पण २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित म्हणून नोंदलेले साधारण साडेतेरा लाख होते आणि नुसतेच विभक्त त्यांच्या अडीचपटीच्या वर. महाराष्ट्रात ‘टाकलेल्या’ बायकांसाठी कार्यकर्त्या निशा शिवूरकर आणि समता आंदोलन या संघटनेने संगमनेरला लढा उभारला तो याच अर्धवट लोंबकळत ठेवलेल्या संसारांपायी. माझ्या मते मुलांना जास्त हेच बाधतं: बाप येणार की नाही हे माहीत नसणं, ‘तुझ्या बापाला सांग फी भर’ असा निरोप पोहोचवणं, आणि नातेवाइकांनी ‘तुला कोण आवडतं’ विचारणं.

घटस्फोटाचं हे सगळं हिंदू विवाह कायद्याचं आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि गोव्यातल्या लोकांना वेगळे कायदे लागतात. मारहाण होत असेल तर संमतीच्या मागे घाईने लागू नका, आधी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आणि राहण्याचा आदेश मिळवा. पोटगी थकली तर कलम १४४ खाली वसुलीचा अर्ज देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो.

आणि स्टॅम्पवर बहिणीची सही आधीच झाली असेल तर तो फाडू नका. त्याने लग्न मोडलेलं नाही, पण दोघं कधीपासून वेगळे राहतात याची तारीख त्यात आहे. १३ब च्या अर्जाला ती लागेल.