सगळं मोबाइलवर शिकता येत असताना विद्यापीठात कशाला जायचं?

बारावीनंतरची तीन वर्षं कॉलेजात घालवण्यापेक्षा घरी बसून शिकलं तर काय बिघडतं, असं तुम्ही विचारलंय. मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून लिहितो.

मोडी लिपी मी घरीच शिकलो. तक्ता समोर ठेवून बाराखडी घोटली, व्हिडिओ पाहिले, दीड वर्षात बऱ्यापैकी वाचू लागलो. मग आजोळच्या ट्रंकेतला एक जुना कागद काढला. माथ्यावर 'सलास सबैन मया व अलफ' अशी अक्षरं लागली, पण अर्थ लागेना. हे कुणा सरदाराचं नाव असणार असं धरून तीन महिने त्या घराण्याचा शोध घेत बसलो! पुढे विद्यापीठातल्या मोडीच्या प्रमाणपत्र वर्गाला नाव घातलं. बाईंनी कागदावर नजर टाकली आणि म्हणाल्या, "अहो, हे साल आहे." अरबी आकडे, एककापासून सुरू होणारे: तीन, सत्तर, शंभर आणि हजार. मराठेशाहीच्या कागदांत चालणाऱ्या सुहूर सन या जुन्या कालगणनेतलं ११७३, म्हणजे इसवी सन १७७२-७३.

अक्षरं मला येत होती. पण जुनी कालगणनाही शिकावी लागते, हे माझ्या गावीही नव्हतं. घरी आपण आवडेल तेच शिकतो. काय राहिलंय ते सांगायला कुणी नसतं.

पदवीवाचून मोठे झालेले म्हणून बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचं नाव घेतात. गोव्यातल्या सांखवाळहून १८९९ साली ते घर सोडून निघाले आणि पुढे थेट हार्वर्डमध्ये पाली ग्रंथावर काम करायला गेले. पण मधला प्रवास पाहा. संस्कृतसाठी पुणे, काशी, पालीसाठी सिलोन. जिथे गेले तिथे शिकवणाऱ्याच्या पायाशी बसले. परत आल्यावर धडपडले तेही आपल्या विद्यापीठांत पाली शिकवली जावी म्हणून. हे मला फार मोलाचं वाटतं.

डॉक्टरकी, वकिलीत तर पर्यायच नाही. कोडिंग, चित्रकला घरी खुशाल सुरू करा. पैशांची किंवा नोकरीची अडचण असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशांसाठीच आहे. आणि जिथे गाइड पाठ करूनच पेपर निघतात, अशा कॉलेजांबद्दल तुमचा राग रास्त आहे.

म्हणून प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजात एक दिवस जाऊन या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना त्यांच्या वह्या दाखवायला सांगा. चूक कुठे झाली हे शिक्षकांनी समासात लिहिलंय का, तेवढं बघा.