परतीच्या तिकिटाची तारीख

प्रश्न : आमचे मूळ घर कुडाळ तालुक्यात आहे. नोकरीनिमित्त मी २२ वर्षे डोंबिवलीत राहतो. गावी थोरला भाऊ, वहिनी आणि आई असतात. घरचा गणपती सात दिवसांचा असून दरवर्षी आम्ही १७ माणसे जमतो. यंदा भाऊ फोनवर म्हणाला, "गणपती दीड दिवसाचोच करूया म्हणतंय, तुमी उगाच रजा काढू नकात." गेल्या वर्षी वहिनीही तुटक वागल्या, आम्ही पोचलो तेव्हा "इलात?" एवढेच विचारून आत गेल्या. निघताना मी दरवर्षी भावाच्या हातात १०,००० रुपये ठेवतो. मित्र म्हणतात, सातबारा तपासून घे. वडिलोपार्जित प्रथा मोडणार याचे दुःख वेगळेच आहे. मी जावे की नाही?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. भावाचे बोलणे तुम्ही जसेच्या तसे दिले आहे आणि पैशांचा आकडाही लिहिला आहे, मात्र त्या सात दिवसांत १७ माणसांचे जेवण कोण रांधते, हे पत्रात कुठेही आलेले नाही. वहिनी आत गेल्या असे तुम्ही लिहिता. आत म्हणजे कुठे, हे तुमच्या तेव्हा लक्षात आले नसावे. चुलीवर काहीतरी ठेवलेले असणार.

तुम्ही सुट्टीवर जाता, पण वहिनींचा गणपती श्रावणातच सुरू झालेला असतो. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या ठिकाणी, पाट जायचा असतो, पावसाने ओल धरलेल्या भिंतींना रंग काढायचा असतो, माळ्यावरची मोठी भांडी उतरवून घासायची असतात. लावणी उरकली आहे आणि कापणीला अवकाश आहे, अशा ज्या दिवसांत शेतात राबलेल्या बाईला जरा पाठ टेकता आली असती, नेमक्या त्याच दिवसांत घर माणसांनी भरते; मग सकाळी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ, दुपारी नैवेद्य, दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी, पुढे गौरी आणि रोज रात्री आरतीला व भजनाला आलेल्या मंडळींचा चहा, असा रतीब विसर्जनापर्यंत चालतो.

राजापूर तालुक्यातल्या माझ्या काकूंचे घर असेच भरायचे. एका वर्षी परतीची एसटी चुकल्यामुळे मी एक दिवस जास्त राहिले आणि पाहुणे गेल्यानंतरचे घर पहिल्यांदा पाहिले. १४ जणांची अंथरुणे-पांघरुणे धुवायची होती आणि भाद्रपदातल्या पावसात काहीही वाळत नव्हते. काकूंनी चुलीच्या वर दोरी बांधली होती आणि एकेक चादर त्या धगीवर फिरवून वाळवत होत्या. हे काम किती दिवस चालते असे विचारले, तेव्हा "पितृपक्ष लागेपर्यंत" असे म्हणून त्यांनी पुढची चादर उचलली. तोपर्यंतच्या एकाही गणपतीत मला हा प्रश्न सुचला नव्हता, हे इथे कबूल करते.

तेव्हा भावाच्या बोलण्याचा मी लावलेला अर्थ असा, की त्या घरातली बाई थकली आहे आणि नवऱ्याला ते सरळ सांगणे जमत नाही, म्हणून तो दिवस कमी करू पाहतो आहे. माझा अंदाज चुकीचाही असेल, पण सातबाऱ्याची शंका येण्याआधी हा अंदाज पडताळून पाहायला काहीच खर्च नाही. सातबारा महाभूलेखच्या संकेतस्थळावर डोंबिवलीत बसूनही दिसतो. पाहायचा असेल तर पाहा आणि पाहिला असे भावाला सांगा. गणपतीच्या मंडपीखाली, म्हणजे मूर्तीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, तो विषय काढू नका, आणि ज्या मित्रांनी तो काढला त्यांना यंदा तरी सल्ला विचारू नका.

प्रथेविषयी तुम्हाला वाटणारे दुःख मी हलके समजत नाही. पण देवापुढे गाऱ्हाणे घालून, म्हणजे आपली अडचण सांगून व मागणे मागून, दिवस कमी केलेली घरे मला ठाऊक आहेत आणि तिथे आजही तितक्याच भक्तीने गणपती येतो. गौरींचे कसे करायचे, ते आई आणि भटजी मिळून ठरवतील.

जावे की नाही, याचे माझे उत्तर जावे असेच आहे, पण निराळे तिकीट काढून. चतुर्थीच्या आदल्या रात्री पोचणारा आणि विसर्जन होताच बॅग उचलणारा माणूस कितीही मायेचा असला, तरी त्या घरात पाहुणाच ठरतो. तुमच्यासारख्या नोकरीसाठी शहरात राहून सणाला गावी येणाऱ्यांना 'चाकरमानी' हा शब्द टाकून 'कोकणवासी' म्हणायचे, असे सरकारने २०२५ मध्ये ठरवले. शब्द बदलला म्हणून कुणाचा पाहुणेपणा जात नाही, तो जायचा तर परतीच्या तारखेने जाईल. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. तेव्हा चतुर्थीच्या तीन दिवस आधी पोचा, मंडपी बांधायला आणि नारळ सोलायला हात लावा, आणि विसर्जनानंतर दोन दिवस राहून चादरींची पाळी स्वतःकडे घ्या. पत्नीला रजा नसेल तर एकट्याने जा. "काही मदत लागली तर सांगा" असे मात्र म्हणू नका, कारण त्यामुळे काम शोधून देण्याचे आणखी एक काम वहिनींवर पडते.

निघताना भावाच्या हातात ठेवलेल्या पैशांनी वहिनींचा एक चहासुद्धा कमी झालेला नाही. तेच १०,००० रुपये आधी वहिनींकडे पाठवा आणि त्यांतून स्वयंपाकाला गावातली एखादी बाई ठेवायची की आणखी काही करायचे, ते त्यांनाच ठरवू द्या. आपल्या चुलीपाशी दुसरे कोणी नको, असे त्या म्हणाल्या तर त्याचाही मान ठेवा.

इतके करूनही "यंदा नकोच" असे उत्तर आले, तर रुसू नका. मार्गशीर्षात गावच्या जत्रेला जा. तेव्हा गाडीत जागा मिळते, रात्री दशावतार पाहता येतो, आणि आईजवळ बसून बोलायला जी सवड गणपतीच्या गर्दीत कधीच मिळत नाही, ती तेव्हा मिळते.

हे सगळे विचारण्याचा फोन भावाला करू नका, वहिनींना करा, आणि दुपारी तीननंतर करा, तोवर त्यांची भांडी आवरलेली असतील. त्यांचा नंबर तुमच्याकडे नसेल, तर तो पत्नीकडे नक्की असेल.