गिटारच्या नव्या तारा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा लागला की ठाणे-नवी मुंबईतून तारांबद्दलचे तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. बहुतेकांत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. नव्या तारेचा सूर स्थिर व्हायला काही तास लागतात. तिचा आवाज मुरायला काही दिवस लागतात. दोन्हींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे.

नवा सेट लावला की दोन दिवस तारा सारख्या उतरतात. सेट खराब निघाला का? (कोपरी, ठाणे)

सेट बहुधा चांगलाच असतो, चढवण्यात ढिलाई राहिलेली असते. पोलादी तार स्वतः फारशी ताणली जात नाही. खुंटीवरचे वेढे आवळले जातात, ब्रिजखाली (वरच्या फळीवरचा तारा धरणारा लाकडी तुकडा) तारेच्या टोकाचा बॉल सरकतो, आणि नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) व सॅडलवर (ब्रिजमधली पट्टी) तारेला नीट बाक बसलेला नसतो. तिन्ही ठिकाणची ढिलाई सुरातून बाहेर येते.

जाड तारांना खुंटीवर दोन ते तीन वेढे द्या, बारीक दोन तारांना तीन ते चार. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याखाली बसला पाहिजे, एकावर एक चढता कामा नये. ब्रिज पिन दाबताना दुसऱ्या हाताने तार वर ओढून धरा, म्हणजे बॉल आतल्या लाकडी पट्टीला टेकतो. पिनच्या टोकाशी अडकलेला बॉल नंतर हमखास सरकतो. मोबाइलचा कॅमेरा साउंडहोलमधून आत धरून एकदा बघून घ्या. मग तार सुरात आणा, बाराव्या फ्रेटजवळ धरून फ्रेटबोर्डपासून एक-दोन सेंटिमीटर हळूच उचला आणि पुन्हा सुरात आणा. असे तीन-चार वेळा केले की तार उतरणे जवळजवळ थांबते. हिसका देऊ नका. जाड तारेचे वेटोळे आतल्या गाभ्यावरून सैल झाले तर ती तार पहिल्या दिवसापासूनच मुकी वाजते. सूर नेहमी खालून वर आणा. वर गेला असेल तर आधी उतरवा, मग चढवा.

रात्रीत सूर उतरण्याऐवजी चढलेला आढळला, तर तारांना दोष देऊ नका. दमट हवेत लाकूड फुगते, वरची फळी उचलली जाते आणि तारांवरचा ताण वाढतो.

पहिल्या दिवशी आवाज काचेसारखा खणखणीत असतो, आठवड्यात तो जातो. गिटारचा खरा आवाज कोणता? (वाशी)

मुरल्यानंतरचा. पहिल्या दिवशीच्या खणखणाटावरून गिटारची किंमत करू नका. गिटार विकत घेताना तर मुळीच नाही, कारण नव्या तारा चढवून साधी गिटारही काही काळ चमकवता येते. दुकानात आधी विचारा, तारा कधीच्या आहेत?

खर्जाच्या चार तारांना पोलादी गाभा असतो आणि त्यावर ब्राँझच्या बारीक तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यांच्या फटी मोकळ्या असतात तोवर वरचे स्वरांश (मूळ सुराबरोबर उमटणारे उंच सूर) भरपूर ऐकू येतात. वाजवू लागलात की घामातले मीठ, त्वचेचे कण आणि धूळ त्या फटींत भरते. तार हलताना आतले घर्षण वाढते आणि सर्वांत आधी वरचे स्वरांश मरतात. बारीक दोन तारांना वेटोळे नसते, म्हणून त्यांचा आवाज तितका बदलत नाही. खर्ज मऊ पडतो, वरच्या दोन तारा तशाच टणटणीत राहतात, आणि लोकांना वाटते गिटारचा तोल बिघडला.

८०/२० म्हणून विकल्या जाणाऱ्या तारांच्या वेटोळ्यात ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्त असते. त्या सुरुवातीला जास्त लख्ख वाजतात आणि ते तेज लवकर गमावतात. फॉस्फर ब्राँझमध्ये सुमारे ९२ टक्के तांबे, ८ टक्के कथील आणि किंचित फॉस्फरस असतो. आवाज थोडा गोलसर, आणि टिकतो जास्त. ज्यांच्या तळव्यांना घाम येतो त्यांनी खाडीकाठच्या हवेत फॉस्फर ब्राँझच्याच घ्याव्यात, असे माझे मत आहे.

रविवारी गडकरी रंगायतनात कार्यक्रम आहे. तारा शनिवारी बदलू की रविवारी सकाळी? (पाचपाखाडी)

गुरुवारी. आणि वातानुकूलित सभागृहात गेल्यावर गिटार पंधरा-वीस मिनिटे बॅगेतून बाहेर ठेवून मगच सुरात लावा. थंडीने पोलाद आकसते, सूर चढतो.

तारा उकळून किंवा खोबरेल लावून पुन्हा नव्यासारख्या होतात असे ऐकले. (ऐरोली)

ऐकलेले सोडून द्या. उकळल्याने फटींतला मळ थोडा सुटतो, पण पाणी वेटोळ्याच्या आत जाऊन गाभा गंजतो आणि तार दोन दिवसांत पूर्वीपेक्षा वाईट होते. खोबरेल त्याच फटींत बसते, वर धूळ धरते. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारांची वरची आणि खालची बाजू पुसा. एवढेच करायचे आहे.

आवाज भरदार होईल म्हणून दुकानदाराने ०.०१३चा (सर्वांत बारीक तार ०.०१३ इंच जाड) सेट लावून दिला. आता तारा फ्रेटबोर्डपासून उंच गेल्यात, बोटे दुखतात. मुरल्यावर खाली येतील का? (घोडबंदर रोड)

येणार नाहीत. वाट पाहू नका, आणि हे उत्तर जाड सेट लावलेल्या प्रत्येकाने वाचावे.

०.०१२च्या नेहमीच्या सेटचा एकूण ताण ७० ते ७५ किलोच्या आसपास असतो, ०.०१३चा ८० च्या पुढे जातो. हा सगळा भार पातळ फळीवर गोंदाने चिकटवलेल्या ब्रिजवर आणि मानेवर येतो. त्यात आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि गिटारला हवी ४५ ते ५५ टक्के. ओलसर फळी फुगते, मान पुढे वाकते, गोंदाची पकड सैल होते. जाड तारांचा आवाज भरदार असतो हे खरे, पण तो भार सोसणारी बांधणी असेल आणि सेटअप (तारांची उंची व मानेचा वाक यांची जुळणी) त्यानुसार बदलला असेल तरच. सेटअप न करता जाडी बदलून देणे म्हणजे विक्री झाली, काम झाले नाही.

आज दोन गोष्टी करा. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. जाड ईला साधारण २.४ मिलिमीटर, बारीक ईला १.८ च्या आसपास ठीक. मग कागदाची पट्टी ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. आत शिरली तर ब्रिज सुटू लागला आहे. सगळ्या तारा लगेच पूर्ण सैल करा आणि गिटार कारागिराकडे न्या. तिथे फेविक्विक ओतू नका. नंतर ते खरवडण्यात फळीचे लाकूड निघते. ट्रस रॉडही (मानेचा वाक जुळवणारी आतली सळई) स्वतः फिरवू नका. एवढ्या उंचीचे कारण मान आहे, फळी आहे की ब्रिज, हे गिटार हातात घेतल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, मीही नाही. हा महिना गेल्यावर बघू म्हणालात तर गोंदाचे काम फळीच्या दुरुस्तीवर जाईल.

क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा चालतील? (नेरूळ)

नाही.

कोटेड तारांचे जादा पैसे देण्यासारखे आहेत का? (कळवा)

घाम येणाऱ्या हातांना, आणि आठवड्यातून एकदाच गिटार उघडणाऱ्यांना, हो. वेटोळ्यावरचा पातळ थर मळ आत जाऊ देत नाही, म्हणून आवाज कमी बदलतो आणि तोही सावकाश. पहिल्या दिवशीचा खणखणाटही थोडा कमी असतो. मात्र अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या ‘ओरिजिनल’ पाकिटांपासून सावध राहा, नावाजलेल्या तारांची नकली पाकिटे सर्रास विकली जातात. पाकिटावर पडताळणीचा कोड असेल तर आधी कंपनीच्या साइटवर टाकून बघा.

एकच तार तुटली. तेवढीच बदलली तर? (खारघर)

बारीक ई किंवा बी असेल तर खुशाल. वेटोळ्याची असेल आणि बाकीच्या महिनाभर जुन्या असतील तर पूर्ण सेट घ्या, नाहीतर ती एकटी आठवडाभर वेगळी ओरडेल. तुटलेले टोकही बघा. दुसऱ्यांदा त्याच जागी, सॅडलवर किंवा खुंटीपाशी तुटली असेल, तर तिथे धारदार कड आहे. नवी तार चढवण्याआधी ती कारागिराकडून घासून घ्या.