न तपासता झोपेच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांवर कारवाई होते का?

आपण विचारले आहे की, तालुक्याच्या गावातील एक डॉक्टर आपल्या आईंना दोन वर्षांपासून न तपासता अल्प्राझोलम ही मनावर परिणाम करणारी झोपेची गोळी लिहून देत आहेत आणि आता त्यांना गोळीशिवाय झोप लागत नाही. तर अशा डॉक्टरांवर कारवाई होते का, आणि ती कोण करते? मी 21 वर्षे औषधांचे दुकान चालवतो. डॉक्टर नाही, वकीलही नाही, पण अशा चिठ्ठ्या रोज हातात येतात, म्हणून लिहितो.

कारवाई होऊ शकते. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारनियमांत, खरी वैद्यकीय गरज नसताना स्टेरॉइड किंवा मनावर परिणाम करणारी औषधे लिहून देणे हे गंभीर व्यावसायिक गैरवर्तन मानलेले आहे. 2023 मध्ये नवे नियम आले होते, पण ते त्याच महिन्यात स्थगित झाले आणि जुनेच पुन्हा लागू झाले.

तक्रार करण्याआधी डॉक्टरांच्या लेटरहेडवरची पदवी आणि नोंदणी क्रमांक नीट पाहा. एमबीबीएस असतील तर तक्रार मुंबईतील महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, म्हणजे त्यांची नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे, करावी लागते. आपल्याकडे तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे पुष्कळ जण बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतात. त्यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. वकिलाची सनद जाते, तशी डॉक्टरांची नोंदणी जाते, आणि ती काढण्याचा अधिकार ज्या परिषदेने ती दिली तिलाच असतो.

आता पुराव्याबद्दल. 'डॉक्टर तपासत नाहीत' हे आपले म्हणणे झाले. परिषदेपुढे मोल असते ते तारखांना आणि गोळ्यांच्या संख्येला. चिठ्ठीवर सही, तारीख, रुग्णाचे नाव-पत्ता, डोस आणि एकूण प्रमाण असावेच लागते, आणि औषध पुन्हा द्यावे असे डॉक्टरांनी लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध देता येते. औषध दिल्यावर आम्ही त्याच चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख घालतो. एकदा एक गृहस्थ झोपेच्या गोळ्यांची चक्क लॅमिनेट केलेली चिठ्ठी घेऊन आले होते; शिक्क्याची शाई वर टिकत नव्हती, बोट फिरवले की साफ! मी औषध दिले नाही, पण त्या चिठ्ठीवर किती दुकाने फिरून झाली असतील, हे कोण सांगणार? त्यामुळे आपल्याकडच्या चिठ्ठ्या आणि बिले, शिक्क्यांसकट, तारखेनुसार लावून ठेवा. त्यांवरून डॉक्टरांनी दर महिन्याला नवी चिठ्ठी दिली, की एकाच जुन्या चिठ्ठीवर दुकानदार गोळ्या देत राहिला, हे उघड होईल. दुसरी गोष्ट खरी ठरली तर दोष माझ्या व्यवसायबंधूचा आहे, आणि ती तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. अल्प्राझोलम 2014 पासून शेड्यूल एच-1 या कडक नोंदीच्या औषधांच्या यादीमध्ये आहे, म्हणजे दुकानदाराला डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव आणि दिलेले प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षे जपावे लागते, आणि औषध निरीक्षक ते कधीही मागू शकतात. उपचारांची कागदपत्रे डॉक्टरांकडे लेखी मागा. मागणीनंतर 72 तासांत ती देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

परिषद डॉक्टरांनाही बाजू मांडण्याची संधी देते. दोष सिद्ध झाला तर ताकीद मिळू शकते, किंवा नाव काही काळासाठी अथवा कायमचे नोंदवहीतून काढले जाते. निर्णयासाठी सहा महिन्यांची मुदत नियमात लिहिलेली आहे. तिच्या भरवशावर राहू नका. मला खटकते ते वेगळेच. निर्णय विरोधात गेला तर डॉक्टर 60 दिवसांत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, म्हणजे डॉक्टरांवरील केंद्रीय संस्थेच्या, मंडळाकडे अपील करू शकतात. या आयोगाच्या 2019 च्या कायद्याने रुग्णाला मात्र तो मार्ग दिलेला नाही.

तरीही गोळी सवय लावणारी आहे, एवढ्यावरून कोणी दोषी ठरत नाही, आणि ठरूही नये. कर्करोगाच्या वेदनेत मॉर्फिन लिहिणारे डॉक्टर कारवाईच्या भीतीने हात आखडता घेऊ लागले, तर हाल रुग्णाचेच होतात.

तक्रारीचे कागद जमवत असतानाच आईंना मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. दोन वर्षांची गोळी रागाच्या भरात एकाएकी बंद करू नका. त्याने फिट येण्याचाही धोका असतो, म्हणून डोस या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावा लागतो. पहिल्या भेटीत ते सध्याचा डोस आणि सवयीबद्दलचे स्वतःचे मत केसपेपरवर लिहितील. त्याची एक प्रत तक्रारीला जोडा.