रबर बंपरची एमजीबी घ्यावी का?

तुमच्या भाच्याला इंग्लंडमध्ये १९७५ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, मिळतेय आणि सगळे त्याला सांगतायत, ‘काळ्या रबर बंपरची घेऊ नकोस, खरी एमजीबी क्रोम बंपरचीच.’ माझ्याकडे चौदा वर्षं काळ्या बंपरचीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एमजी म्हणजे मॉरिस गराजेस, ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिसची पेढी. आपल्याकडे एमजी हेक्टर गाडीच्या नाकावर दिसणारा अष्टकोन तिथलाच. १९२९ पासून या गाड्या जवळच्या ॲबिंग्डन गावात बनत. सप्टेंबर १९६२मध्ये आलेली एमजीबी ही एमजीचे मुख्य अभियंता सिड एनेव्हर यांची करामत. आधीच्या एमजीए मॉडेलला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, होती. एमजीबीला बॉडी हीच चासी. त्यामुळे गाडी तीन इंच आखूड झाली, तरी आत पाय पसरायला जागा वाढली. १७९८ सीसीचं साधं, दणकट इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, ९५ हॉर्सपॉवर, आणि ताशी शंभर मैलांच्या वर वेग. बेताच्या पैशात एवढं मिळाल्यावर लोक तुटून पडले नसते तरच नवल.

सर्वात मोठं गिऱ्हाईक अमेरिका, आणि बंपरची कथा तिथूनच सुरू होते. हळू वेगाची धडक गाडीने नुकसान न होता सोसावी आणि बंपर ठरावीक उंचीवर असावा, असे नियम तिथे आले. नवी गाडी काढायला कंपनीकडे पैसा नव्हता. मग १९७४च्या शरद ऋतूत पोलादी सांगाड्यावर काळं आवरण चढवलेले जाड बंपर बसवले आणि अख्खी गाडी दीड इंच उचलली. त्यात भर म्हणजे रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी झुकू न देणारी दांडी, खर्च वाचवण्यासाठी काढून टाकला. उंच गाडी, शिवाय बार नाही, म्हणजे वळणावर ती झुकणारच. १९७६च्या मध्यात बार परत आला, मागेही एक दिला. पण बदनामी चिकटली ती चिकटलीच. तुमच्या भाच्याची गाडी नेमकी त्या मधल्या काळातली.

यावर उपाय आहे. बार विकत मिळतो, गाडी खालीही आणता येते. माझ्या गाडीला बार बसवल्यावर पहिल्याच गोल चौकात स्टिअरिंग हाताला वेगळं लागलं. दोष बंपरचा नव्हता, हे मला तेव्हा पटलं.

खरा शत्रू गंज. बॉडीच चासी असल्यामुळे दाराखालचा सिल हा गाडीचा कणा आहे. बाहेरून नवा पत्रा आणि आत गंजाचा भुसा, अशा गाड्या मी पाहिल्यात. सिलवर लोहचुंबक फिरवा. चिकटला नाही तर खाली पुट्टी आहे. मग मागच्या चाकापुढे जॅक लावून गाडी उचला आणि दाराची फट बघा. फट आवळली किंवा दार घासायला लागलं, तर सौदा तिथेच थांबवा. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इंग्लंडमध्ये सहसा वार्षिक तपासणीतून सूट असते. म्हणजे कित्येक वर्षांत कुणी खाली वाकून पाहिलंच नसेल.

ॲबिंग्डनचा कारखाना ऑक्टोबर १९८०मध्ये बंद झाला, पण पाच लाखांवर गाड्या बनल्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात, अगदी अख्खी बॉडीसुद्धा. सिल चांगले असतील तर भाच्याला सांगा, बिनधास्त घे. जॅक लावल्यावरचे दाराच्या फटीचे फोटो टाका, मी बघून सांगतो.