खण नेमका कुठे अडतो?

प्रश्न : मी घरच्या कार्यशाळेत सागवानाचे चार खणांचे कपाट तयार केले. कोरड्या हवेत खण सुरळीत सरकत होते, परंतु हवा दमट होताच खालचे दोन मोठे खण अडू लागले. त्यांच्या दोन्ही बाजू मी रंध्याने तासल्या, तरीही ते अडतातच. शिवाय आता ओढताना डावी-उजवीकडे डुलतात. आणखी किती तासावे?

उत्तर : बाजू आता मुळीच तासू नयेत. ओल शोषून लाकूड फुगते ते रेष्यांना आडव्या दिशेने. लांबीत पडणारा फरक इतका अल्प असतो की सुतारकामात तो हिशेबात धरत नाहीत. खणाची रुंदी म्हणजे त्याच्या दर्शनी फळीची लांबी, त्यामुळे ती जवळपास बदलत नाही. बदलते ती खणाची उंची, कारण बाजूच्या आणि दर्शनी फळ्यांची रुंदी त्या दिशेला असते. कपाटाच्या उभ्या फळ्यांचे रेषे मात्र वरून खाली जातात, म्हणून खणासाठी ठेवलेली जागा आहे तेवढीच राहते. सागवान तुलनेने स्थिर लाकूड आहे, तरीही 200 मिलिमीटर उंचीच्या फळीतील ओलाव्याचे प्रमाण चार टक्क्यांनी वाढले की ती एक ते दीड मिलिमीटर फुगू शकते. मोठेच खण अडतात याचे कारणही हेच. उंची जितकी जास्त, तितकी वाढ अधिक.

खात्री करून घ्यायची असल्यास बाजूच्या फळ्यांच्या वरच्या कडेवर मऊ शिसपेन्सिल गिरवून खण दोन-तीन वेळा आत-बाहेर करावा. जिथे तो घासतो तिथे शिसे पुसले जाऊन लाकडावर चकाकी येते, आणि तेवढाच भाग पातळ कीस निघेल अशा बेताने तासावा. हे काम दमट हवेत करणे उत्तम, कारण लाकूड तेव्हा पुरते फुगलेले असते आणि वर जेमतेम एक मिलिमीटर फट ठेवली तरी भागते. कोरड्या हवेत तासायचे झाल्यास एवढ्या उंचीच्या खणावर अडीच-तीन मिलिमीटर फट सोडावी लागेल. दर्शनी फळीवर ती डोळ्यांत भरते खरी, पण त्याला इलाज नाही.

डुलण्याचा दोष मात्र तासण्यातून आला आहे. बाजूंना मोकळी जागा जास्त झाली की खण तिरका होतो आणि त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे कपाटात रुततात; खोलीपेक्षा रुंदी अधिक असलेल्या खणात हे हटकून घडते. खणाच्या दोन्ही बाजूंना त्याच लाकडाच्या पातळ पट्ट्या, रेषे लांबीच्या दिशेने ठेवून, सरसाने चिकटवाव्यात आणि सरस पूर्ण वाळल्यावर दोन्हीकडे मिळून सुमारे एक मिलिमीटर मोकळीक राहील इतपत त्या तासाव्यात. शेवटी घासणाऱ्या कडांवर मेण चोळावे. तेल चोळण्याचा मोह टाळावा, कारण बंद खणात तेलाचा वास कोंडतो आणि कपड्यांना लागतो.

प्रश्न : त्याच कपाटाच्या एका उभ्या फळीला, खण ज्यावर सरकतो त्या पट्टीजवळ, चीर गेली आहे. फळी सदोष होती का?

उत्तर : पट्टी पूर्ण लांबीभर सरस लावून बसवली असेल, तर फळीला दोष देता येणार नाही. पट्टीचे रेषे पुढून मागे जातात आणि फळीचे वरून खाली. साधारण 450 मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी हवेतील बदलाने दोन-तीन मिलिमीटर आकसू पाहते, पट्टी लांबीत आकसत नाही, आणि या ओढाताणीत फळी उभी फाटते. पट्टी सोडवून घ्यावी. पुढच्या टोकाला चार-पाच सेंटिमीटरपुरताच सरस आणि एक स्क्रू, तर मागच्या टोकाला लांबट भोक पाडून त्यात बेताने आवळलेला स्क्रू एवढेच ठेवावे. अशाने फळीची हालचाल मागच्या बाजूला होते आणि दर्शनी बाजू सरळ राहते. पट्टी सुटल्यावर चीर पुष्कळदा आपोआप मिटते, म्हणून ती भरण्याची घाई करू नये.

प्रश्न : खणाच्या तळाला अखंड फळी घालावी की प्लायवूड?

उत्तर : प्लायवूड. सहा मिलिमीटर जाडीचे पुरते आणि ते फारसे फुगत नाही, त्यामुळे खाचेत सरस लावून पक्के बसवता येते. चौकट काटकोनात राहण्यास त्याची मदतच होते. अखंड लाकूडच हवे असेल, तर रेषे डावीकडून उजवीकडे जातील अशी फळी घ्यावी, खाचेत सरस मुळीच लावू नये आणि मागची फळी तळाच्या वरच संपवावी, म्हणजे तळाला मागे वाढायला वाव मिळतो.